भावोजींची पाठमोरी नायिका

प्रेमाच्या कादंबऱ्या लिहिणारी माणसं जगात पुष्कळ झाली असतील, पण सहाच्या सहा कादंबऱ्यांत एकाही प्रेमिकाला एकदाही मेणबत्ती पेटवू न देणारा लेखक माझ्या भावोजींखेरीज दुसरा झाला नसेल. त्यांच्या कादंबऱ्यांत वाढदिवस होतात, वीज जाते, गच्चीवर दोघांनीच जेवायचा बेत ठरतो, पण उजेड मात्र बॅटरीचा. "पडद्याजवळ उघडी ज्योत," ते आपल्या बडोदी मराठीत म्हणतात, "आणि दोघांचंही लक्ष एकमेकांच्या डोळ्यांत. जाणारच ने घर!" त्यांचा नायक स्कूटर नीट स्टँडला लावून, चावी काढून, हेल्मेट काखेत धरून मगच प्रेमाची कबुली देतो. नायिका मागं बसताना ओढणी चाकात जाऊ नये म्हणून ती कशी गुंडाळून कमरेला खोचते, याला तिसऱ्या कादंबरीत दीड पान दिलेलं आहे. पावागडच्या पायऱ्यांवर दोघांचं आयुष्यातलं सर्वांत मोठं भांडण होतं, पण भांडताना दोघांपैकी एकानंही कठडा सोडलेला नाही. हे मी आता छातीठोकपणे सांगू शकतो. दीड वर्षापूर्वी सांगू शकलो नसतो, कारण तोवर यातलं एक अक्षर मी वाचलेलं नव्हतं. आणि भावोजींना मात्र मी सगळं वाचतो असं सांगत आलो होतो. हे एकदा लिहून टाकायचं ठरवलंय. बावन्न वर्षांचा झालो, आता लपवायचा कंटाळा येतो.

भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. आजोबा बडोदे सरकारच्या पागेत होते; तिथून मिशी तेवढी यांच्यापर्यंत पोचली, घोडा नाही. स्वतः भावोजी चौतीस वर्षं रिफायनरीत आग आणि सुरक्षा खात्यात होते. तिथं यांच्या सहीचं परमिट असल्याशिवाय कुणाला वेल्डिंगची साधी ठिणगी पाडता येत नसे, आणि ही सवय निवृत्तीबरोबर सुटली नाही. कुणाच्याही घरी गेले की आधी दारं मोजतात, मग माणसं. नाटकाला गेले तर पडदा वर जाईपर्यंत उभं राहून बाहेर जायच्या दाराची लाल अक्षरांतली पाटी शोधतात. माझ्या लग्नात अक्षता पडायच्या आधी त्यांनी मांडवाची एक कनात कापायला लावली होती, बाहेर पडायला दुसरा रस्ता असावा म्हणून. माझ्या सासऱ्यांना ते फार अपशकुनी वाटलं. त्या लग्नातून पुढं एक माणूस खरंच बाहेर पडलं, पण त्याला ती कनात कारण नव्हती.

कादंबरी लिहिण्याचं निवृत्तीनंतर अचानक निघालं. घरात कुणाला कल्पना नव्हती. तपासणीच्या जुन्या फॉर्मांच्या पाठकोऱ्या बाजूंवर ते सकाळी सहा ते आठ लिहीत बसत, आणि ताईला वाटे, हे तक्रारअर्ज लिहितायत. पहिली कादंबरी छापून झाली, ती नातेवाइकांत वाटली, आणि सगळ्यांनी ती फार छान आहे असं न उघडता सांगितलं. मग कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलं की हल्ली पुस्तकांचेसुद्धा ट्रेलर असतात, सिनेमासारखे. दीड-दोन मिनिटांची फिल्म करायची आणि मोबाईलवर पाठवायची, लोक ती बघून पुस्तक मागवतात. भावोजी खूश झाले, कारण फिल्म हा त्यांच्या हातचा विषय होता. दर सुरक्षा सप्ताहाला ते कारखान्यासाठी फिल्म करत: हातमोजे, शिडी, सांडलेलं तेल. तिचा क्रम ठरलेला, आधी धोका दाखवायचा, मग परिणाम, मग योग्य पद्धत. पहिल्या कादंबरीचा ट्रेलर त्यांनी त्याच क्रमानं केला. तीन मिनिटांत प्रेम, गैरसमज, गैरसमजाचं मूळ कारण आणि लग्न; शेवटी निळ्या पाटीवर पांढरी अक्षरं, 'तात्पर्य: वेळेवर बोला.' मराठी मंडळातल्या एक बाई म्हणाल्या, "छान झालं हं, आता वाचायला नको." भावोजींना ही पावतीच वाटली. "संदेश पोचला ने!" ते मला म्हणाले.

"भावोजी, ट्रेलरमध्ये शेवट सांगायचा नसतो," मी म्हटलं.

"का? माहिती दडवायची?"

"थोडी दडवायची. म्हणजे लोकांना उत्सुकता वाटते."

"अरे, माहिती दडवल्यानं अपघात होतात," ते म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला. "शेवट नको तर नको. पण मग शेवटी प्रश्न विचारू. प्रश्न विचारल्यानं माणूस सावध होतो. आणि तो तू विचारायचा, तुझ्या आवाजात."

माझा आवाज बरा आहे. कॉलेजात असताना गणपतीच्या कार्यक्रमांची निवेदनं मी करत असे. नंतर नंदेसरीला एका रंगाच्या कारखान्यात केमिस्ट म्हणून लागलो आणि दिवसभर नमुन्यांच्या बाटल्यांशी बोलायची वेळ आली. त्या बाटल्यांना उत्तर लागत नाही आणि त्या प्रश्नही विचारत नाहीत. माझ्या स्वभावाला ते मानवलं. म्हणून भावोजींनी मला दुसऱ्या कादंबरीपासून ट्रेलरचं सगळं काम दिलं तेव्हा मी हो म्हटलं ते आवाजाच्या मोहापायी. ते हस्तलिखिताची फाईल द्यायचे, वर एका ओळीत विषय लिहिलेला असायचा, अपघाताच्या नोंदीसारखा: 'दोन घरांत जुने वैर.' 'मुलगी शिकायला बाहेरगावी.' मी तेवढी ओळ वाचायचो, पहिलं पान चाळायचो आणि ट्रेलर लिहायचो. आठवड्यानं फोन यायचा. "वाचलंस?" "वाचलं." "फावलं तुला?" म्हणजे आवडलं का. "हो, छान आहे." चार वेळा हे संभाषण असंच झालं. मी दमून घरी यायचो, हे खरं आहे. पण दमलेली माणसंही वाचतात, हेही खरं आहे.

चित्रीकरण म्हणजे मॉक ड्रिलच. सकाळी सातला हजेरी. हजर असायचे तिघंच, भावोजी, ताई आणि मी, तरी ते नावं पुकारायचे. मग प्रथमोपचाराची पेटी उघडून दाखवायची, काही झालं तर कुठल्या झाडाखाली जमायचं ते सांगायचं, आणि त्या दिवसाच्या दृश्याचं परमिट भरायचं. त्यावर कामाचं स्वरूप: 'नायिका चालत जाते.' संभाव्य धोका: 'पाय मुरगळणे.' नायिका कायम ताईच. तरुण मुलगी आणायची कुठून, आणि आणली तर तिच्या आईबापांना काय सांगायचं, हा प्रश्न त्यांनी नायिका पाठमोरी दाखवून सोडवला. ताई त्रेसष्ट वर्षांची, पण केस अजून कमरेखाली येतात. मेंदी लावून, सुती साडी नेसवून मागून बघितलं तर वीस-पंचवीस वर्षं सहज लपतात. "नायिकेचा चेहरा वाचकानं आपला आपण ठरवायचा असतो," भावोजी सांगत. ताई म्हणायची, "चाळीस वर्षं ओट्यापुढं माझी पाठच बघितली यांनी. आता गावाला दाखवायला काढलीय."

एकदा कमाटीबागेत ती बाकाकडे चालत जाण्याचं दृश्य घेत होतो, तर तिथला रखवालदार आला. भावोजींनी शांतपणे परमिट काढून त्याच्या हातात दिलं. त्यानं ते उलटंसुलटं केलं. शिक्का होता, तारीख होती, सही भावोजींचीच होती.

"आ शेनुं छे, साहेब?" हे कशाचं, त्यानं विचारलं.

"प्रेमनुं," भावोजी म्हणाले. "पण बधुं सेफ्टीमां छे." म्हणजे सगळं सुरक्षित आहे.

त्यानं ताईकडे मागून बघितलं, ताई वळली, त्यानं तिच्याकडे पुढून बघितलं, आणि परमिट भावोजींना परत देऊन सलाम केला. नंतर तोच तासभर लोकांना बाजूनं जायला सांगत उभा राहिला.

ट्रेलर तयार झाला की भावोजी सयाजीगंजात हॉस्टेलांजवळच्या एका चहाच्या टपरीवर जाऊन बसत आणि शेजारी बसेल त्याला मोबाईल देत. पोरं बिचारी परीक्षेच्या घाईत असायची. बघून झालं की हे विचारायचे, "काय समजलं?" 'मस्त छे, काका' हे उत्तर ते नोंदवत नसत. "मस्त नको, समजलं काय ते सांग." एका मुलीनं सांगितलं, काका, मला एवढंच समजलं की तिला जायचंय आणि कुणी थांबवत नाहीये. ते वाक्य त्यांनी वहीत उतरवून घेतलं आणि घरी आल्यावर ताईला दोनदा वाचून दाखवलं.

त्याच सुमाराला माझी बायको गेली. गेली म्हणजे करजणला गेली, ती शिकवते त्या शाळेजवळ खोली घेऊन. भांडण नाही, कुणी तिसरं नाही. एका रविवारी दुपारी कपडे घड्या करता करता ती म्हणाली, "तू वाईट नाहीस. पण या घरात वीस वर्षं मी माझाच आवाज ऐकतेय. मला आता थकायला होतं." मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी घडी घातलेला टॉवेल उचलून कपाटात ठेवला. ताईनं विचारलं तेव्हा मी नोकरीचं कारण सांगितलं, रोजचं जाणं-येणं जमत नाही म्हणून. ताईनं विश्वास ठेवला की नाही ठाऊक नाही. भावोजींनी काहीच विचारलं नाही. ते फक्त एकदा घरी येऊन गॅसची नळी तपासून गेले आणि जाताना म्हणाले, "एकटा माणूस विसरतो."

पाचसहा महिन्यांनी सहाव्या कादंबरीची फाईल आली. वर एक ओळ होती: 'एक स्त्री घर सोडून जाते.' मी ती ओळ वाचली आणि फाईल विजेच्या बिलांखाली सारली. पहिलं पानसुद्धा उघडलं नाही. आठवड्यानं फोन आला.

"वाचलंस?"

"वाचलं."

"सगळं?"

"हो."

"शेवट?"

"शेवट पण छान आहे."

मग ते म्हणाले, "बरं झालं रे. मला भीती वाटत होती." मी कसली भीती ते विचारलं नाही. विचारलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं.

ट्रेलरसाठी ताईनं बॅग घेऊन फाटकातून बाहेर पडायचं होतं. कॅमेरा म्हणजे माझा मोबाईल. ती बाहेर पडताना एकदा गॅसची गाडी आडवी आली, एकदा शेजारच्या काकी "क्यां चाल्या, बेन?" असं, कुठं निघालात ते विचारत मधे उभ्या राहिल्या, एकदा ताईच हसली. शेवटी काम आटोपलं म्हणून मी रस्त्यावर उभा होतो, मोबाईल चालूच राहिला होता, आणि ताई बॅग घेऊन फाटकातून आत घरी निघाली. कोवळं ऊन होतं, पाठीवर केस मोकळे होते. घरी येऊन बघतो तर सगळ्यांत चांगला तुकडा तोच. मी तोच घेतला. गोष्ट काय आहे ते मला माहीत नव्हतं, त्यामुळे ती जातेय की येतेय यानं काय बिघडतं ते कळायचा प्रश्नच नव्हता. मग आवाज भरायला बसलो. एरवी मी चार वेळा लिहून खोडतो. या वेळी न लिहिता बोललो: "ती गेली. ओट्यावर अजूनही दोन कप निघतात. ती परत येईल?" एकदाच बोललो, पुन्हा ऐकलं नाही.

भावोजींनी ट्रेलर बघितला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा बघितला. "हे तुझं तू लिहिलंस?" "हो." "राहू दे मग," ते म्हणाले. त्यांनी एकही सूचना केली नाही, असं पहिल्यांदाच घडत होतं. मला बरं वाटलं, काम लवकर संपलं म्हणून.

तो ट्रेलर चालला. का चालला ते मला माहीत नाही. बडोद्यातल्या मराठी घरांतून तो पुण्याला गेला, पुण्याहून नाशिकला, तिथून कुणाच्या तरी दुबईतल्या सुनेकडे. पुस्तकं मागवणारे फोन यायला लागले. करजणहून मला एक निरोप आला, मोबाईलवर, एवढाच: 'आवाज ओळखला.' मी 'हो' असं लिहून पाठवलं.

आणि मग दुसरेच फोन सुरू झाले, तेही भावोजींना. "अहो, आमच्या प्रतीत शेवटची पानं नाहीत." "ती बाई परत येते ते पान कुठंय?" एक निवृत्त पोस्टमास्तर तर प्रत घेऊन स्वतः घरी आले, पान क्रमांक दाखवून म्हणाले, "इथपर्यंत ठीक आहे, पण पुढचा सोळा पानांचा फर्मा बांधायचा राहिलाय तुमचा." भावोजी छापखान्यात जाऊन आले. फर्मे मोजले, शिलाई उसवून बघितली. पानं पूर्ण होती. मी त्या दिवशी तिथंच होतो. मला वाटलं, आता हे मला विचारणार: कादंबरीत ती परत येत नाही, मग ट्रेलरमध्ये कशी आली? भावोजी छापखान्याच्या पायरीवर उभे राहिले आणि म्हणाले, "चूक पुस्तकात आहे." बस्स. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

आठ दिवसांत त्यांनी सोळा पानं लिहिली. ती छापून आली आणि आम्ही तिघं जेवणाच्या टेबलावर बसून प्रत्येक प्रतीच्या शेवटी ती चिकटवायला लागलो. डिंक किती लावायचा याचं त्यांनी प्रात्यक्षिक दाखवलं. ताई पंख्याखाली प्रती वाळत घालत होती. "परत आली का ही शेवटी?" तिनं विचारलं. "आली," भावोजी म्हणाले. "कशी काय?" "वाच की मग." "मला कुठं वेळ? पाठ दाखवून झाली, आता पुस्तक पण वाचू?" ताई म्हणाली आणि हसत आत गेली. मी हातातल्या पानांच्या फक्त कडा बघत होतो, सरळ बसतायत की नाही एवढंच. त्या चार दिवसांत सांगायची चाळीस वेळा संधी होती. भावोजी एकदा मधेच थांबून म्हणाले होतेही, "आता बरं वाटतंय ने?" मी म्हणालो, "हो, आता पूर्ण वाटतंय." ते इतके समाधानानं हसले की मी पुढची प्रत ओढून घेतली.

वर्ष गेलं. मग करजणहून कुरियरनं एक पाकीट आलं. आत पुस्तक होतं, पहिल्या खेपेतलं, सोळा पानं न चिकटवलेलं. चिठ्ठी नाही. मला वाटलं, तिच्याकडे गेलेल्या वस्तू ती एकेक करून परत करतेय. आधी कुकरचं झाकण आलं होतं, तसं हे. पण एका पानाचा कोपरा दुमडलेला होता. सुट्टीचा दिवस होता. मी वाचायला बसलो, आणि दुपारचं जेवण राहिलं.

नायक नंदेसरीला केमिस्ट. चहा प्यायच्या आधी वास घेतो. मी घेतो, मला ते माहीत नव्हतं. बायको बोलते, तो ऐकतो, आणि त्याचं ऐकणं तिला ऐकू येत नाही, असं एक वाक्य आहे. ती जाते तेव्हा तो टॉवेल नव्हे, पण उशीचा अभ्रा उचलून ठेवतो. हे भावोजींना कुणी सांगितलं? कुणी सांगितलं नसणार. ते चौतीस वर्षं अपघात झालेल्या जागी जाऊन, काही बोलू न शकणाऱ्या वस्तूंवरून काय झालं असेल ते लिहीत आले होते. दुमडलेलं पान शेवटचं होतं. तिथं तो माणूस स्वयंपाकघरात उभा आहे, ती परत येणार नाही हे त्याला कळलंय, आणि भावोजींनी त्यांना येत होती त्याच भाषेत कादंबरी संपवली होती: 'घटनेची सर्व बाजूंनी चौकशी झाली. कुणाचाही हलगर्जीपणा आढळला नाही.'

ते माझ्यासाठी लिहिलेलं होतं. मला तोंडानं सांगणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं, म्हणून त्यांनी दोनशे पानं लिहिली, आणि मी ती विजेच्या बिलांखाली ठेवली होती.

पुढच्या रविवारी सकाळी गेलो. भावोजी गॅसच्या नळीला साबणाचं पाणी लावून फुगे येतात का बघत होते. मी ओट्याजवळ उभा राहिलो.

"भावोजी, मी वाचलं नव्हतं."

"काय?"

"सहावी. म्हणजे कुठलीच. एकही वाचली नव्हती. हो हो म्हणत होतो."

ते नळीकडेच बघत राहिले. "ट्रेलर केलास तेव्हा?"

"तेव्हाही नाही."

"मग ते दोन कप कुठून आले?"

मी 'असंच, सुचलं म्हणून' असं म्हणणार होतो. पण त्यांनी मान वर केली होती.

"घरातून," मी म्हणालो.

त्यांनी ब्रश बाजूला ठेवला, हात पुसले आणि स्टुलावर बसले. मी त्यांच्याकडून दोन शब्द ऐकायची तयारी करून गेलो होतो. ओरडले असते तर बरं झालं असतं. "मला वाटलं," ते सावकाश म्हणाले, "तू वाचलीस, आणि तुला तो शेवट सोसला नाही. तसं तोंडानं सांगणार नाहीस, म्हणून ट्रेलरमधून सांगितलंस. म्हणून मी तिला परत आणली."

"लोकांसाठी नाही?"

"लोकांना काय, एक चिठ्ठी चिकटवली असती, पानं पूर्ण आहेत म्हणून." मग त्यांनी ब्रश पुन्हा साबणाच्या पाण्यात बुडवला. "उगाच आणली. तिला विचारलं पण नाही."

आतून ताई म्हणाली, "काय कुजबुजताय दोघं? नळी फुटली का?"

"नळी बरोबर आहे," भावोजी म्हणाले.

उरलेल्या प्रती माळ्यावर होत्या. दुपारी त्या काढल्या आणि ब्लेडनं सोळा-सोळा पानं सोडवायला बसलो. ब्लेड आहे म्हणून आधी मला हातमोजे घालायला लावले. ते जाड, चामड्याचे, त्यात पान हाताला लागतच नाही. आमचं काम फार हळू चाललं. मी म्हटलं, विकल्या गेलेल्या प्रतींचं काय? भावोजी म्हणाले, "गेल्या त्या गेल्या. त्या घरांत ती परत आली असेल तर असू दे." नंतर मी त्यांच्याकडे बाकीच्या पाचही मागितल्या. त्यांनी त्या कागदात बांधून दिल्या आणि या वेळी वाचल्यावर कळव, असं काही म्हणाले नाहीत. पाचही वाचल्या. खरं लिहायचं ठरवलंच आहे तर, फार काही चांगल्या नाहीत. दोन तर कंटाळवाण्या आहेत. पण त्यांत एकही माणूस दुसऱ्याला धोक्यात एकटं सोडत नाही. हे त्यांना मी सांगितलं. ते म्हणाले, "मग? लिहायचं कशाला नाहीतर?"

त्या दिवशी निघताना सोडवलेल्या पानांचा गठ्ठा त्यांनी सुतळीनं बांधला. मी म्हटलं, द्या, जाता जाता रद्दीवाल्याकडे टाकतो. त्यांनी गठ्ठा मागं घेतला.

"रद्दीत नको," ते म्हणाले. "शेंगदाण्याच्या पुड्या होतात त्याच्या. कुणाच्या तरी हातात पडेल, सगळं पुस्तक नाही, नुसता एवढाच भाग. उगाच आशा लागायची माणसाला." मग गठ्ठा स्वतःच माझ्या स्कूटरच्या पुढच्या जागेत नीट बसवला, हलवून बघितला. "घरी ठेव तुझ्याकडे. सुक्या जागी."

तो कपाटाच्या खालच्या कप्प्यात आहे. सुतळी सोडलेली नाही. करजणला मी एक पत्र पाठवलं, हातानं लिहिलेलं, चार पानी. त्याला दोन ओळींचं उत्तर आलं, चांगलं होतं, आणि त्यात येण्याबिण्याचं काही नव्हतं. तसं मी विचारलंही नव्हतं. फक्त कधी कधी, कामावरून येऊन बूट काढताना, नजर त्या कपाटाकडे जाते आणि वाटतं, एक पान ओढून बघावं: ती कुठल्या वेळी येते, सकाळी की दिवेलागणीला, हातात बॅग असते की नुसतीच येते, आणि दार उघडून तो तिच्याशी पहिलं काय बोलतो. भावोजींनी लिहिलेलं असणार काहीतरी. मला सुचत नाही. मग मी बूट जागेवर ठेवतो आणि चहाला आधण ठेवतो.